मिठाच्या संग्रहालयात मीठ सोडून काय बघायचं?

मीठ बनवण्याच्या जुन्या पद्धती जपणारी संग्रहालयं जगात बरीच आहेत. फ्रान्समध्ये आहेत, स्लोव्हेनियात आहे, इंग्लंडमध्ये आहे, चीनमध्ये आहे. पण आत गेल्यावर पाहुण्याचा बहुतेक वेळा हिरमोड होतो. लाकडी फळ्या, विटलेल्या टोपल्या, पापुद्रे सुटलेली एखादी अवाढव्य लोखंडी काहील आणि बाहेर उन्हात चिखलाचे चौकोन. पोरं लगेच कंटाळतात आणि मोठी माणसं दोन फोटो काढून विक्रीच्या काउंटरकडे सरकतात.

दोष त्या वस्तूंचा नाही. तलवार पाहिली की ती कशासाठी, हे कुणाला सांगावं लागत नाही. मिठागरातली फळी पाहून मात्र काहीच कळत नाही, कारण तिनं कोणता प्रश्न सोडवला हे आपल्याला ठाऊक नसतं. तो प्रश्न आधी समजून घेतला, तर त्याच खोलीत तासभर सहज जातो.

मीठ तयारच असतं, पाणी घालवायचं असतं

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यातलं आपण खातो ते मीठ सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे एक किलो मीठ हवं असेल तर ३७ लिटरच्या आसपास पाणी हवेत उडवून द्यावं लागतं. मीठ बनवण्याचा सगळा खटाटोप या पाण्यापायी आहे.

पाणी घालवायला दुसरी पळवाट नाही का? साखरेचा गरम पाक गार केला की साखर खाली बसते, तसं मिठाचं करता आलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण मिठाचा स्वभाव वेगळा. गार पाण्यात शंभर मिलिलिटरला जवळपास ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात फार तर ३९ ग्रॅम. तापवून गार केल्यानं हाती काही लागत नाही. पाणी उडवावंच लागतं, उन्हानं तरी नाहीतर आगीनं तरी.

उन्हानं उडवायचं तर सपाट, उथळ आणि पाझरत नाही अशी जमीन हवी, कोरडा वारा हवा आणि बरेच महिने पाऊस नको. आगीनं उडवायचं तर सरपण हवं. संग्रहालय कुठल्याही देशातलं असो, त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू या दोन वाटांपैकी एकीवर बसते. आत शिरल्यावर आधी एवढंच ओळखायचं, की हे ऊन वापरणारे लोक होते की आग.

नुसतं वाळवलं तर कडू का लागतं?

समुद्राचं पाणी ताटात घेऊन पूर्ण वाळवलं तर खाली पांढरी भुकटी उरते. ती खारट असते, पण कडवटही असते आणि दमट हवेत चिकट होते. कारण त्या पाण्यात मिठाबरोबर चुना, जिप्सम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षारही असतात. जुन्या मिठागरवाल्याची खरी हुशारी इथे दिसते. हे क्षार एकदम खाली बसत नाहीत. पाणी आटत जातं तसे ते एकेक करून वेगळे होतात, लांबच्या गाडीतले प्रवासी आपापल्या स्टेशनवर उतरतात तसे.

पाणी आटून निम्मं झालं की चुना बसू लागतो. पाचवा हिस्सा उरला की जिप्सम. दहावा हिस्सा उरला की मीठ. आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार अगदी शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. म्हणून मिठागरात एकच मोठं तळं नसतं, वाफ्यांची माळ असते. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडलं जातं. चुना आणि जिप्सम मधल्या वाफ्यांत मागे राहतात, शेवटच्या वाफ्यात मीठ बसतं, आणि कडूपणा खाली उतरायच्या आत उरलेलं पाणी काढून टाकलं जातं.

या लेखात दोन शब्द लागतील, ते इथेच सांगतो. मीठ बसण्याच्या बेताला आलेल्या दाट खाऱ्या पाण्याला आपण मिठवणी म्हणू. आणि मीठ काढून घेतल्यावर जे उरतं ते कडू पाणी. (हे कडू पाणीही वाया जात नाही. जपानमध्ये त्यानं सोयाबीनचं दूध साकळवून टोफू करतात.)

आता थांबायचं कधी, हे कसं कळणार? संग्रहालयात एखाद्या कपाटात काचेची नळी दिसेल, खाली फुगीर, वर आकडे. ती पाण्यात तरंगत ठेवतात. पाणी जितकं दाट, तितकी नळी वर. ही मोजपट्टी बोमे नावाच्या फ्रेंच माणसाच्या नावानं चालते. समुद्राचं पाणी साडेतीन अंशांच्या आसपास असतं, मीठ पंचवीसच्या पुढे बसायला लागतं, आणि तीसच्या सुमाराला उरलेलं पाणी बाहेर काढायचं. नळी येण्यापूर्वी अंडं वापरत. ताजं अंडं समुद्राच्या पाण्यात बुडतं, मीठ साधारण दहा टक्क्यांवर गेलं की तरंगायला लागतं.

आणि नळी, अंडं काहीच नसेल तर रंग. पाणी दाट होत जातं तसं त्यात राहणारे जीव बदलतात. मधल्या वाफ्यांत आर्टेमिया नावाचे बारीक कोळंबीसारखे जीव असतात, ते खायला रोहित पक्षी उतरतात. त्याहून खाऱ्या पाण्यात डुनालिएला हे शैवाल आणि खारप्रेमी सूक्ष्मजीव वाढतात, त्यांच्यामुळे पाणी गुलाबी ते विटकरी दिसतं. गडद पाणी ऊन जास्त शोषतं, त्यामुळे ते लवकर आटायलाही मदत होते. उंचावरून पाहिलेल्या मिठागराचे रंगीबेरंगी चौकोन लोक सुंदर म्हणून टिपतात, पण ते वाचताही येतात: फिकट बाजूला पाणी आत येतं, लालसर बाजूला मीठ बसतं.

सरपणाचं गणित

ऊन वापरणाऱ्यांचं काम संथ, पण इंधन फुकट. आग वापरणाऱ्यांची गोष्ट जास्त नाट्यमय आहे आणि माझ्या मते मिठाच्या संग्रहालयांतला सगळ्यात वाचनीय भाग तोच.

पाणी उकळीला आणणं हे सोपं काम. उकळत्या पाण्याची वाफ करणं हे अवघड. साध्या पाण्याला उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता त्याची पूर्ण वाफ करायला लागते. हिशेब केला तर एक किलो मिठासाठी समुद्राचं पाणी थेट उकळायचं म्हटलं की साधारण सहा किलो कोरडं लाकूड जाळावं लागतं, तेही थोडीसुद्धा उष्णता वाया न जाता. उघड्या काहिलीत बरीचशी आच इकडेतिकडे जाते, म्हणजे प्रत्यक्षात लाकूड याच्या कित्येक पट. आता हेच काम पूर्ण दाट मिठवण्यापासून सुरू केलं तर एक किलो मिठामागे तीन लिटरच पाणी उडवायचं राहतं, आणि तोच आदर्श हिशेब अर्ध्या किलो लाकडावर येतो.

सहा किलो आणि अर्धा किलो. आगीवर मीठ करणाऱ्या प्रत्येक गावाचा इतिहास या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. चुलीवर चढवण्याआधी पाणी फुकटात दाट कसं करायचं, यासाठी माणसांनी काय काय केलं ते बघा.

जपानच्या नोतो द्वीपकल्पावर सुझू भागात आगेहामा नावाची पद्धत आहे. समुद्राचं पाणी बादल्यांनी वर आणायचं आणि वाळूच्या सपाट अंगणावर हातानं शिंपडायचं, सगळीकडे सारखं पडेल असं. उन्हानं पाणी उडतं, मीठ वाळूच्या कणांना चिकटून राहतं. मग ती वाळू गोळा करून लाकडी पेटीत भरायची आणि वरून समुद्राचंच पाणी ओतायचं. खालून दाट मिठवणी गळतं, ते काहिलीत जातं. वाळूचा उपयोग एवढाच, की तिच्यामुळे थोड्या पाण्याला प्रचंड पृष्ठभाग मिळतो. जपान सरकारनं २००८ साली या पद्धतीला राष्ट्रीय महत्त्वाच्या लोकपरंपरेचा दर्जा दिला. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात या द्वीपकल्पाचा उत्तर किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला आणि समुद्र मागे सरला. पाणी बादल्यांनी आणायची पद्धत असेल तर किनारा सरकणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

जर्मनी आणि पोलंडमध्ये दुसरीच तऱ्हा. लाकडी सांगाड्याची लांबलचक भिंत उभी करायची, तीत काटेरी झुडपांच्या फांद्या गच्च भरायच्या आणि वरून कमी खारं पाणी थेंब थेंब सोडायचं. वाऱ्यानं पाणी उडतं, खाली पोहोचेपर्यंत ते दाट होतं. वर चुना आणि जिप्सम फांद्यांवरच दगडासारखे चिकटून बसतात, म्हणजे पाणी गाळूनही निघतं. पोलंडमधल्या चेहोचिनेकच्या अशा भिंती मिळून पावणेदोन किलोमीटर भरतात आणि उंचीला पंधरा मीटरच्या वर आहेत. आता लोक तिथे खारट हवा छातीत भरून घ्यायला जातात. मुळात ती सरपण वाचवायची यंत्रं होती.

डेन्मार्कच्या लेसो बेटावर निसर्गानंच पाणी दाट करून दिलं होतं. तिथे किनारी कुरणांखालचं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारं आहे. मध्ययुगापासून तिथे झोपड्यांमध्ये काहिली चढल्या आणि बेटावरची झाडं चुलीत गेली. १७ व्या शतकात काम थांबवावं लागलं, कारण जाळायला जंगलच उरलं नाही. बेटावरची जुनी घरं समुद्री गवतानं शाकारलेली आहेत. आज त्याच बेटावर पुन्हा उभारलेल्या झोपडीत काहिलीखाली लाकूड जळतं आणि पाहुण्यांसमोर मीठ निघतं.

जंगल संपलं की दोन मार्ग: लाकूड पाण्याकडे आणायचं किंवा पाणी लाकडाकडे न्यायचं. लाकूड जड आणि रस्ते खराब, त्यामुळे शहाण्यांनी पाणी नेलं. ऑस्ट्रियात हालश्टाटच्या खाणीतलं मिठवणी एबेनझेला नेण्यासाठी १५९५ ते १६०७ या काळात पोखरलेल्या ओंडक्यांची सुमारे ४० किलोमीटरची नळवाट टाकली. त्यासाठी १३ हजार झाडं लागली. फ्रान्समध्ये सालॅं-ले-बॅंच्या जमिनीखालच्या झऱ्याचं खारं पाणी २१ किलोमीटर दूर आर्क-ए-सनांला नेलं, कारण तिथे शो नावाचं मोठं जंगल होतं. या दुसऱ्या ठिकाणी क्लोद-निकोला लेदू या वास्तुकारानं १७७५ ते १७७९ दरम्यान अर्धवर्तुळाकार राजेशाही मिठाचा कारखाना बांधला. मधोमध व्यवस्थापकाचं घर, दोन्ही अंगांना काहिलींच्या इमारती, कडेनं कामगारांच्या खोल्या. तिथे गेलेले बरेच लोक खांबांची भव्यता बघून परततात. पण समुद्र नाही, झरा नाही, तिथे मिठाचा कारखाना का, हे विचारलं तरच ती जागा उलगडते. दोन्ही ठिकाणं आज जागतिक वारसा यादीत एकाच नोंदीत आहेत आणि दोन्ही पाहिल्याशिवाय एकही पूर्ण कळत नाही.

चीनच्या झिगॉंगनं हा प्रश्न सगळ्यांत अफलातून सोडवला. तिथे खारं पाणी जमिनीच्या पोटात खोल. बांबूच्या आणि लाकडाच्या साधनांनी जड लोखंडी पहार पुन्हा पुन्हा आपटून विहिरी खोदल्या. १८३५ साली शेनहाई नावाची विहीर हजार मीटरच्या खाली गेली. आणि त्या खोलीतून खाऱ्या पाण्याबरोबर नैसर्गिक वायूही वर आला. तोच बांबूच्या नळ्यांनी चुलीकडे वळवला. सरपणाची कटकट संपली. काहिलीत मळी धरण्यासाठी सोयाबीनचं दूध घालतात, त्याला चिकटून घाण फेसाबरोबर वर येते. शहरातलं मिठाच्या इतिहासाचं संग्रहालय १९५९ पासून व्यापाऱ्यांच्या जुन्या सभागृहात आहे.

मग हे सगळं बंद का पडलं? बंद भांड्यात हवेचा दाब कमी केला की पाणी कमी उष्णतेवर उकळतं, आणि एका भांड्याची वाफ पुढचं भांडं तापवायला वापरता येते. तीच उष्णता तीन-चारदा वापरली गेली, आणि उघड्या काहिलीला त्या हिशेबात टिकणं शक्य नव्हतं.

चिखलातून पांढरं मीठ निघतं कसं?

उन्हाच्या मिठागरांबद्दलचा हा अगदी रास्त प्रश्न. वाफ्याचा तळ चिखलाचा, त्यावर मीठ बसणार आणि ते फळीनं ओढून काढणार. मग माती येत नाही?

येते. म्हणून बऱ्याच ठिकाणी मीठ करडं असतं. फ्रान्सच्या गेरांद भागातलं जाड मीठ करडं दिसतं ते तळाच्या चिकणमातीमुळे, आणि तिथेच पाण्याच्या पृष्ठभागावर साय धरावी तसा जो पातळ थर येतो तो पांढरा राहतो, कारण त्यानं तळ पाहिलेलाच नसतो. हा थर वारा मंद असतानाच धरतो, जरा वारा सुटला की बुडतो. तो अलगद उचलायचं फळीसारखं हत्यार आणि खालचं मीठ ओढायचं हत्यार वेगवेगळी असतात. भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेली पाहिली तर एकाच कामाची वाटतात.

स्लोव्हेनियाच्या सेचोव्ल्येमध्ये मात्र एक वेगळाच उपाय आहे आणि तो जवळून बघण्यासारखा आहे. तिथे वाफ्याच्या तळाशी पेटोला नावाचा थर वाढवतात. जाडी काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर. त्यात सूक्ष्म शैवाल असतं, जिप्सम असतं, चिकणमाती असते, आणि तो सगळा मिळून एक जिवंत, किंचित रबरासारखा गालिचा होतो. मीठ त्याच्यावर बसतं, चिखलाला शिवत नाही. फळी फिरवणाऱ्याला हात इतका हलका ठेवावा लागतो की मीठ ओढलं जावं पण पेटोला खरवडला जाऊ नये. ही कला १४ व्या शतकात क्रोएशियातल्या पाग बेटावरून तिथे आली. थर दरवर्षी निगुतीनं जपावा लागतो, साफ करावा लागतो, नाहीतर तो मरतो आणि मग मिठात माती येते. काचेच्या पेटीत याचा नमुना ठेवता येईल, पण तो सुकलेला पापुद्रा असेल. खरा पेटोला ओलाच असतो आणि कामाच्या वाफ्यातच असतो.

'हे तर पर्यटकांसाठीचं नाटक!'

हा आक्षेप नेहमी येतो. कारखाने टनावारी मीठ काढतात, मग दोन माणसांना जुन्या पोशाखात काहिलीशेजारी उभं करून काय साधलं?

पोशाखाबद्दल मी वाद घालणार नाही. पण काम चालू ठेवण्यामागे नाटकापेक्षा जास्त कारण आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशात आन्यानाची खारी दरी आहे. समुद्रापासून दूर, डोंगरातून खाऱ्या पाण्याचे झरे येतात, लाकडी पन्हळींतून उतारानं खाली वाहतात आणि लाकडी टेकूंवर उभारलेल्या शेकडो सपाट गच्च्यांवर वाळतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धंदा बसला, लोकांनी काम सोडलं आणि दरी ढासळू लागली. पाऊस, वारा ही कारणं होतीच. शिवाय खाऱ्या पाण्यात भिजलेलं लाकूड कुजत नाही. पाणी बंद झालं की लाकडाचं ते संरक्षण जातं. म्हणजे तिथे मीठ काढणं हीच इमारतीची डागडुजी. आता तिथे पुन्हा मीठ निघतं आणि पाहुण्यांनाही त्यातून फिरता येतं.

इंग्लंडमध्ये नॉर्थविचजवळच्या लायन सॉल्ट वर्क्सची अडचण उलटी. तिथे काहिलींवरच्या छपरांखाली वर्षानुवर्षं खारट वाफ कोंडली. लोखंड गंजलं, विटांमध्ये मीठ मुरलं. असल्या इमारती टिकाव्यात म्हणून बांधलेल्याच नव्हत्या, झिजल्या की ठिगळं लावत आणि काम पुढे चालवत. १९८६ साली कारखाना बंद झाला आणि ठिगळ लावणारं कुणी राहिलं नाही. मोठी दुरुस्ती होऊन २०१५ मध्ये संग्रहालय म्हणून उघडला तेव्हा कुठे तो वाचला. तिथे एक गोष्ट आवर्जून विचारावी: एकाच मिठवण्यातून बारीक आणि जाड मीठ कसं निघायचं? जोरात उकळलं तर दाणा बारीक, मंद आचेवर दिवसच्या दिवस ठेवलं तर दाणा मोठा. मासे खारवायला मोठा दाणा लागे. आचच त्यांच्यासाठी साच्याचं काम करायची.

पोलंडच्या व्येलिच्का या मिठाच्या खाणीत तर हवा खेळवायची सोयच मुळावर आली. १९७८ च्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत ती होती. पण कृत्रिम वायुवीजनामुळे आत ओलावा शिरत राहिला आणि मिठात कोरलेल्या मूर्ती विरघळू लागल्या. १९८९ ते १९९८ अशी नऊ वर्षं ती धोक्यातल्या वारशांच्या यादीत होती, हवा कोरडी करणारी यंत्रणा बसवल्यावर बाहेर आली. तोफ किंवा नाणं कुलूपबंद केलं की झालं, मिठाचा वारसा तसा बंद करून ठेवता येत नाही.

भिंती एवढ्या उंच कशाला?

जुन्या मिठाच्या कारखान्यांना बऱ्याचदा किल्ल्यासारखे तट असतात. कारण कर. मीठ सगळ्यांना लागतं आणि ते काही मोजक्याच जागी निघतं, म्हणून राज्यकर्त्यांना त्यावर कर बसवणं फार सोयीचं. फ्रान्समध्ये गाबेल नावाचा मीठकर शतकानुशतकं होता. प्रांताप्रांतात त्याचा दर वेगळा, त्यामुळे चोरटी वाहतूक हा जोरदार धंदा. सालॅंपासून निघालेल्या त्या नळवाटेवरही पहारे होते, कारण नळाला भोक पाडून खारं पाणी चोरून घरी आटवणं हाही गुन्हाच.

भारतातली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी दांडीच्या स्मारकात ती नव्यानं कळते. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी तिथे मीठ उचललं, तेव्हा कायदा मोडायला कसलंही हत्यार लागलं नाही. समुद्र, ऊन आणि वाकून उचलायचा हात एवढं पुरलं. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या त्या स्मारकात पाहुण्यांना सौरऊर्जेवर खारं पाणी आटवून चिमूटभर मीठ करून बघता येतं.

संग्रहालय जे दाखवत नाही

टांगलेली फळी स्वच्छ असते. तिच्यामागचे हात दिसत नाहीत. पांढऱ्या मिठावरून परतणारं ऊन डोळ्यांना सोसवत नाही, खाऱ्या पाण्यात पाय तासन्‌तास राहिले की कातडी फाटते आणि फाटलेल्या जागी पुन्हा मीठच लागतं. कच्छच्या छोट्या रणात आगरिया कुटुंबं आजही पावसाळ्याचं पाणी ओसरल्यावर जातात, जमिनीखालचं खारं पाणी उपसतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतात. सेचोव्ल्येची कुटुंबंही अशीच जात. एप्रिलमध्ये बायकापोरांसह वाफ्यांमधल्या घरांत मुक्काम हलायचा, तो ऑगस्टच्या अखेरीपर्यंत. खाली मिठाचं कोठार, वर राहायची खोली. अशी काही घरं आता संग्रहालय आहेत आणि माझ्या मते त्यातली वरची खोली खालच्या कोठारापेक्षा जास्त सांगते. गेरांदमध्ये वाफ्यापासून ढिगापर्यंत मीठ डोक्यावरून वाहायचं काम बायकांचं होतं, हे तिथल्या जुन्या छायाचित्रांत दिसतं. पुरुष फळी घेऊन उभे, बायका अनवाणी पळताना.

म्हणून 'किती सुंदर, किती नैसर्गिक' असं म्हणण्याआधी जरा थांबावं, एवढंच माझं म्हणणं.

'पण हे मीठ आरोग्याला चांगलं ना?'

विक्रीच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो. सरळ उत्तर: फार फरक नाही. हातानं काढलेलं असो की कारखान्यातलं, मिठात मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. करड्या मिठात मॅग्नेशियम आणि इतर क्षार थोडे जास्त असतात, पण दिवसाकाठी आपण मीठ खातो किती? जागतिक आरोग्य संघटना सगळं धरून पाच ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. एवढ्याशा मिठातून मिळणाऱ्या खनिजांनी कुणाची प्रकृती सुधारत नाही आणि जास्त खाल्लं तर रक्तदाबाला ते तितकंच वाईट. चवीत, दाण्याच्या कुरकुरीतपणात फरक जाणवतो, तो खरा आहे. त्यासाठी घ्यायचं तर खुशाल घ्या.

एका बाबतीत तर पारंपरिक मीठ मागे पडतं. समुद्रातून आलं म्हणजे त्यात आयोडीन असणार, असं पुष्कळांना वाटतं. पण समुद्रातलं थोडंसं आयोडीन मिठाबरोबर खाली बसत नाही, कडू पाण्यातच राहून जातं. आयोडीनयुक्त मिठात ते मुद्दाम मिसळलेलं असतं, गलगंड टाळण्यासाठी. तेव्हा रोजच्या वापरात ते बंद करून संग्रहालयातल्या पुडीवर येण्यात शहाणपण नाही.

कधी जायचं, काय विचारायचं

उन्हावरची मिठागरं पावसाळ्यात आणि हिवाळ्यात बघण्यात अर्थ नसतो, नुसतं पाणी दिसतं. भूमध्य समुद्राकाठी उन्हाळ्याचा उत्तरार्ध चांगला, कारण शेवटच्या वाफ्यांत तेव्हाच मीठ असतं. मोठा पाऊस येऊन गेला असेल तर चार दिवस थांबून जा, कारण एका सरीनं कित्येक दिवसांत दाट झालेलं मिठवणी पातळ होतं. आगीवरच्या ठिकाणी काहील कोणत्या दिवशी पेटवतात ते आधी विचारून घ्या. विझलेली काहील म्हणजे नुसता पत्रा.

चालताना पाणी आत येतं त्या टोकापासून सुरुवात करा. बहुतेक फेऱ्या मिठाच्या ढिगापासून सुरू होतात, कारण फोटो तिथे चांगला येतो. तिथून उलट चालत गेलात तर काही कळत नाही. हत्यारं हातात घ्यायची परवानगी असेल तर घ्या. ती लाकडाची का, खिळेसुद्धा लाकडाचे का, हे मग विचारावं लागत नाही, शेजारी गंजलेली कडी असतेच.

आणि वाटाड्याला दोनच गोष्टी विचारा. पहिली, इथे इंधन कुठून यायचं आणि ते संपलं तेव्हा काय केलं. दुसरी, कडू पाणी कुठे सोडता. पहिल्या प्रश्नाला बहुतेकांकडे छान गोष्ट असते. दुसऱ्यावर जो थांबून, हातानं दिशा दाखवून, कुठल्या चरातून ते समुद्राकडे जातं आणि कुठल्या दिवशी सोडायचं नसतं हे सांगू लागतो, त्यानं स्वतः मीठ काढलेलं असतं. त्याच्याबरोबर फिरा, छापील माहितीपत्रक खिशात राहू द्या.